कंबरदुखीवरील व्यायाम आणि पाठीच्या स्नायूंच्या विद्युत्-क्रियेचे मापन : एक चिकित्सक आढावा

बीजसंज्ञा : कंबरदुखी, इलेक्ट्रोमायोग्राफी, महत्तम ऐच्छिक आकुंचन, मल्टिफिडस, व्यायामोपचार

प्रस्तावना :

कंबरदुखी हा रोग नसून लक्षण आहे, असे वैद्यकाची पुस्तके सांगतात; ज्याची कंबर दुखते त्याला या भेदाने फारसा दिलासा मिळत नाही. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोक कंबरदुखीने त्रस्त होते आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटी ३० लाखांवर पोहोचेल, असा अंदाज ‘लॅन्सेट रूमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात २०२३ साली प्रसिद्ध झाला आहे. यांतील बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत वेदनेचे निश्चित शारीरिक कारण दाखविता येत नाही. क्ष-किरण चित्र काढले तरी त्यात विशेष काही आढळत नाही आणि जे आढळते ते वेदना नसलेल्या माणसाच्या चित्रातही अनेकदा आढळते. अशा कंबरदुखीला ‘अविशिष्ट’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. हा शब्द निदानापेक्षा निदानाचा अभावच अधिक सांगतो, हा भाग वेगळा.

या दुखण्यावर व्यायाम करावा, याविषयी आज फारसे दुमत उरलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली त्यांतही व्यायामाला स्थान आहे. मतभेद आहे तो कोणता व्यायाम करावा याविषयी. या प्रश्नाचे वस्तुनिष्ठ उत्तर मिळावे म्हणून व्यायामशास्त्राच्या अभ्यासकांनी गेल्या काही दशकांत इलेक्ट्रोमायोग्राफी, म्हणजे स्नायूंच्या विद्युत्-क्रियेचे आलेखन, या तंत्राचा मोठ्या प्रमाणावर आधार घेतला. पाठीवर इलेक्ट्रोड लावायचे, चार-सहा व्यायाम करवून घ्यायचे, प्रत्येक व्यायामात स्नायू किती टक्के कार्यरत झाला याचा तक्ता करायचा आणि ज्याची टक्केवारी सर्वाधिक तो व्यायाम कंबरदुखीसाठी उत्तम ठरवायचा, अशी या संशोधनाची सर्वसाधारण रीत आहे. प्रस्तुत लेखात या रीतीतील शेवटच्या पायरीचे परीक्षण करण्याचा प्रयत्न केला आहे. मापन खोटे आहे असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. मापनाने ज्या प्रश्नाचे उत्तर दिले त्याहून वेगळ्या प्रश्नाखाली ते उत्तर लिहिले जात आहे, एवढेच म्हणणे आहे.

यंत्र नेमके काय मोजते? :

मज्जातंतूकडून आज्ञा आली की स्नायुतंतूंच्या आवरणावरून विद्युत् विभवाची लाट धावते. असंख्य तंतूंच्या लाटांची बेरीज त्वचेपर्यंत पोहोचते आणि तेथे ठेवलेला इलेक्ट्रोड ती मायक्रोव्होल्टमध्ये टिपतो. बास्माजिअन यांच्या १९६२ सालच्या ‘मसल्स अलाइव्ह’ या ग्रंथाने हे तंत्र शरीररचनाशास्त्राच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचविले. पुढे युरोपातील ‘सेनिअॅम’ या प्रकल्पाने इलेक्ट्रोड कोठे आणि कसे लावावेत याचे संकेत निश्चित केले. दोन इलेक्ट्रोडमधील अंतर २० मिलिमीटर असावे. पाठीच्या लाँजिसिमस या स्नायूसाठी ते कमरेच्या पहिल्या मणक्याच्या टोकापासून दोन बोटे बाजूला असावेत. मल्टिफिडससाठी पाचव्या मणक्याच्या पातळीवर, मध्यरेषेपासून दोन-तीन सेंटिमीटरवर असावेत, असे हे संकेत आहेत.

येथपर्यंत सर्व ठीक. परंतु त्वचेवर येणारा संकेत म्हणजे स्नायूने लावलेले बल नव्हे. त्वचेखालील चरबीचा थर जाड असेल तर संकेत क्षीण होतो. माणूस पुढे वाकला की त्वचा एकीकडे सरकते आणि तिच्याखालचा स्नायू दुसरीकडे, त्यामुळे सुरुवातीला ज्या तंतूंवर इलेक्ट्रोड होता त्यांवर तो शेवटी राहत नाही. लाटांचे धन आणि ऋण भाग एकमेकांना छेदतात आणि बेरजेत काही क्रिया लुप्त होते. धडाच्या स्नायूंच्या नोंदीत हृदयाचा विद्युत्-संकेतही मिसळतो. कार्लो डी लूका यांनी १९९७ साली ‘जर्नल ऑफ अप्लाइड बायोमेकॅनिक्स’मध्ये लिहिलेल्या लेखात हे तंत्र वापरायला फार सोपे आहे आणि म्हणूनच त्याचा गैरवापरही तितकाच सोपा आहे, अशा आशयाचा इशारा दिला होता. तो इशारा आपल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या संदर्भसूचीत हमखास असतो. प्रबंधाच्या पद्धतिविषयक प्रकरणात मात्र त्याची खूण क्वचितच दिसते.

शंभर टक्के म्हणजे किती? :

दोन माणसांच्या मायक्रोव्होल्टची थेट तुलना करता येत नाही, म्हणून प्रत्येकाचा संकेत त्याच्याच महत्तम संकेताशी ताडून पाहिला जातो. व्यक्तीला एका स्थिर स्थितीत सर्व ताकद लावायला सांगतात. त्या वेळचा संकेत म्हणजे शंभर टक्के. यालाच महत्तम ऐच्छिक आकुंचन म्हणतात आणि व्यायामाच्या वेळचा संकेत त्याच्या टक्केवारीत मांडतात. युक्ती चांगली आहे, परंतु तिच्यातील ‘ऐच्छिक’ या शब्दाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका व्यायामात दोन व्यक्तींच्या पाठीच्या स्नायूंचा संकेत सारखाच, १२० मायक्रोव्होल्ट आला. पहिली व्यक्ती निरोगी आहे. सर्व ताकद लावल्यावर तिचा संकेत ४०० मायक्रोव्होल्टपर्यंत जातो. म्हणजे व्यायामातील क्रिया ३० टक्के. दुसरी व्यक्ती कंबरदुखीने त्रस्त आहे. ताकद लावताना तिला चमक येईल अशी भीती वाटते, ती २०० मायक्रोव्होल्टवरच थांबते. म्हणजे व्यायामातील क्रिया ६० टक्के. तक्त्यात दिसणार ते असे की रुग्णाचा स्नायू निरोगी माणसाच्या दुप्पट कार्यरत आहे. प्रत्यक्षात दोघांच्या स्नायूंचा संकेत एकच होता. बदलला तो छेद. आणि तो छेद स्नायूने नव्हे, भीतीने ठरविला होता.

अमेरिकेतील एकस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी २००७ साली ३० निरोगी व्यक्तींवर ९ व्यायामप्रकारांचा अभ्यास केला. स्नायूंची ताकद वाढण्यासाठी क्रिया ४५ टक्क्यांहून अधिक असावी, त्याखालील व्यायाम दमश्वास आणि स्थिरतेसाठी उपयुक्त ठरू शकतात, असा सीमारेषेचा विचार त्यांनी मांडला. मूळ लेखातील भाषा संयत आहे. मात्र ही ४५ टक्क्यांची रेषा पुढे इतर लेखांत, कार्यशाळांच्या टिपणांत आणि वर्गातील फळ्यावर आली तेव्हा तिच्याभोवतीचे ‘निरोगी व्यक्तींमध्ये’ हे शब्द गळून पडले. वरील काल्पनिक उदाहरणातील दोन व्यक्ती याच रेषेच्या दोन बाजूंना पडतात, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच.

डँकर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००४ साली निरोगी व्यक्ती आणि कंबरदुखीचे रुग्ण अशा दोन्ही गटांत या मापनाची विश्वसनीयता तपासली. एका दिवसाची नोंद दुसऱ्या दिवशीच्या नोंदीशी ताडताना महत्तम आकुंचनापेक्षा ठरावीक, मध्यम भाराचे आकुंचन हा अधिक भरवशाचा आधार ठरतो, असे त्यांना दिसले. यावर उपाय म्हणून फार काही करावे लागत नाही. पालथे झोपून दोन्ही गुडघे जमिनीपासून किंचित उचलणे यासारखी एक ठरावीक कृती संदर्भ म्हणून घेता येते आणि टक्केवारीशेजारी मूळ मायक्रोव्होल्टचा स्तंभही छापता येतो. या दुसऱ्या स्तंभाला कागदाखेरीज काही खर्च नाही, तरीही तो छापला जात नाही.

त्वचेवरून खोलवरचे ऐकू येते का? :

या मुद्द्यावर थोडक्यात लिहिणे पुरेसे आहे. कंबरदुखीच्या चर्चेत मल्टिफिडस या मणक्यांना लागून असलेल्या खोल स्नायूला फार महत्त्व आले आहे आणि त्वचेवरील इलेक्ट्रोडने त्याची क्रिया मोजल्याचे अनेक लेखांत म्हटलेले असते. स्टोक्स, हेन्री आणि सिंगल यांनी २००३ साली त्वचेवरील इलेक्ट्रोड आणि स्नायूत सुईने सोडलेली बारीक तार यांच्या नोंदी एकाच वेळी घेतल्या. मल्टिफिडसवर म्हणून लावलेल्या त्वचेवरील इलेक्ट्रोडचा संकेत मल्टिफिडसपेक्षा शेजारच्या लाँजिसिमसशीच अधिक जुळत होता. लेखाचे शीर्षकच असे की त्वचेवरील इलेक्ट्रोड मल्टिफिडसची अचूक नोंद घेत नाहीत. इतक्या स्पष्ट शीर्षकानंतरही तक्त्याच्या मथळ्यात ‘मल्टिफिडस’ असे बिनधास्त लिहिले जावे, याचे आश्चर्य वाटते. ‘कमरेच्या पाचव्या मणक्याजवळील पाठीचे स्नायू’ असे लिहिले तर काय बिघडेल?

क्रिया अधिक म्हणून लाभ अधिक? :

या विषयावरील सर्वांत उद्बोधक अभ्यासांपैकी एक कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात झाला. कॅलेहन, गनिंग आणि मॅकगिल यांनी १९९८ साली ‘फिजिकल थेरपी’ या नियतकालिकात १३ तरुण पुरुषांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी पाठ ताणण्याच्या विविध व्यायामांत स्नायूंची विद्युत्-क्रिया तर मोजलीच, शिवाय त्याच वेळी कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील सांध्यावर किती दाब येतो याचेही गणिती प्रतिमानाने अनुमान काढले. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्यावर जे दिसले ते महत्त्वाचे आहे. पालथे झोपून धड वर उचलण्याच्या प्रकारांत स्नायूंची क्रिया सर्वाधिक होती आणि सांध्यावरील भारही सर्वाधिक होता. गुडघे व तळहात टेकून एकच पाय मागे ताणण्याच्या प्रकारात दोन्ही कमी होते. त्यामुळे दुखऱ्या कमरेच्या माणसाने सुरुवात या दुसऱ्या प्रकाराने करावी, असे लेखकांनी सुचविले. म्हणजे ‘सर्वाधिक टक्केवारी तोच सर्वोत्तम व्यायाम’ हा नियम लावला असता तर याच आकड्यांवरून नेमकी उलटी शिफारस निघाली असती.

पालथे झोपून हात-पाय एकदम उचलण्याचा हा प्रकार आपल्याला परका नाही. शलभासन आणि भुजंगासन यांच्या निरनिराळ्या रूपांशी त्याचे जवळचे नाते आहे आणि शाळेच्या मैदानापासून योगवर्गापर्यंत कंबरदुखीवरचा उपाय म्हणून तो सांगितला जातो. अशा व्यायामांत सांध्यावरील दाब ४००० न्यूटनच्या पुढे जाऊ शकतो, असे मॅकगिल यांनी नोंदविले आहे. अमेरिकेतील ‘नायॉश’ या संस्थेने ओझे उचलण्याच्या कामासाठी सावधगिरीची मर्यादा म्हणून सुमारे ३४०० न्यूटन हा आकडा धरला होता.

येथे दुसऱ्या बाजूचीही नोंद घेणे न्यायाचे होईल. ४००० न्यूटन म्हणजे आपोआप इजा, असा अर्थ कोणी काढू नये. हा दाब कोणी प्रत्यक्ष मोजलेला नसून प्रतिमानातून काढलेला आहे, आणि त्याच वॉटर्लू गटाने १९९१ साली भारोत्तोलकांच्या कमरेवर १७००० न्यूटनहून अधिक दाबाचे अनुमान काढले होते; ती माणसे स्पर्धेत उतरून, पदके घेऊन घरी गेली होती. सरावलेला कणा बरेच सोसतो. भुजंगासन करणाऱ्याने उद्यापासून ते सोडावे, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. ज्याची कंबर गेल्या आठवड्यात धरली त्याला पहिल्याच दिवशी हा व्यायाम देण्याचे समर्थन टक्केवारीच्या तक्त्यावरून करता येत नाही, इतकेच या चर्चेतून निघते.

स्नायू शांत होतो तेव्हा :

या संपूर्ण विषयात प्रस्तुत लेखकाला सर्वांत विचारप्रवर्तक वाटणारी गोष्ट ही स्नायूच्या क्रियेची नसून त्याच्या मौनाची आहे. लंडनमधील फ्लॉइड आणि सिल्व्हर यांनी १९५१ व १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असे दाखविले की निरोगी माणूस उभ्याने हळूहळू पुढे वाकू लागला की पाठीचे इरेक्टर स्पायनी स्नायू कार्यरत होतात. परंतु वाकणे पूर्णत्वाला आले की त्यांची विद्युत्-क्रिया जवळजवळ थांबते. शरीराचा भार आता अस्थिबंध, मागील ऊती आणि खोलवरचे काही स्नायू पेलतात. पुन्हा उठू लागताच क्रिया परत येते. आलेखावर पाहिले तर दोन टेकड्या आणि त्यांच्यामध्ये सपाट माळ, असे हे चित्र दिसते.

कंबरदुखीच्या अनेक रुग्णांत हा सपाट माळ दिसत नाही. पूर्ण वाकल्यावरही त्यांचे स्नायू सैल पडत नाहीत. जणू कणा पहाऱ्याशिवाय सोडायला ते तयार नसतात. गायसर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली उपलब्ध अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले तेव्हा रुग्ण आणि निरोगी यांच्यातील फरक ज्या मोजक्या मापांत ठळकपणे दिसला त्यांत हे माप अग्रभागी होते. अमेरिकेतील नेब्लेट आणि सहकाऱ्यांनी २००३ साली दाखविले की सर्वांगीण पुनर्वसनानंतर अनेक रुग्णांत हे मौन परत येऊ शकते.

याचा अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. या चाचणीत सुधारणा म्हणजे क्रिया कमी होणे. व्यायामाच्या तक्त्यात मात्र आपण क्रिया वाढण्याला गुण देतो. एकच यंत्र, एकच स्नायू, एकच रुग्ण. आणि एका पानावर वाढ चांगली, दुसऱ्या पानावर घट चांगली. व्हॅन डीन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली या विषयावरील साहित्याचा आढावा घेतला. वेदनेमुळे स्नायू आखडतात व त्यामुळे वेदना वाढते हा एक सिद्धांत, आणि वेदनेमुळे स्नायूंची क्रिया दबते हा दुसरा. उपलब्ध पुराव्याने या दोहोंपैकी एकालाही पूर्ण पाठिंबा मिळत नाही, असे त्यांना आढळले. काही रुग्णांत क्रिया अधिक, काहींत उणी. एकाच रुग्णात एका कृतीत अधिक, दुसरीत उणी. आपल्या भाषेला हे वैविध्य पूर्वीपासून ठाऊक असावे. उसण भरते, चमक येते, कंबर धरते, अवघडते, ठणकते. ही सर्व एकाच दुखण्याची नावे नाहीत आणि बोलणारा माणूस ती अदलाबदल करून वापरत नाही. संशोधन-आराखड्यात मात्र हे सर्वजण ‘कंबरदुखीचा गट’ या एकाच रकान्यात बसतात.

मौनाचा दुसरा गैरअर्थही टाळला पाहिजे. कोकणात भातलावणीच्या दिवसांत बायका तासन्तास कमरेतून पूर्ण वाकून असतात. त्या स्थितीत पाठीवर इलेक्ट्रोड लावले तर फ्लॉइड आणि सिल्व्हर यांच्या निरीक्षणानुसार आलेख बराच काळ सपाट दिसण्याची शक्यता आहे. त्यावरून पाठ विश्रांती घेत आहे असे म्हणणे धाडसाचे होईल. भार नाहीसा झालेला नसतो, तो यंत्राला न दिसणाऱ्या ऊतींवर गेलेला असतो. संध्याकाळी त्या बाईला कंबर सरळ करताना काय होते, हे मायक्रोव्होल्टच्या शून्यात उमटत नाही.

खोल स्नायूंचा सिद्धांत आणि त्याची कसोटी :

क्रियेच्या प्रमाणाऐवजी तिच्या वेळेकडे लक्ष वेधण्याचे श्रेय ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या अभ्यासकांना जाते. हॉजेस आणि रिचर्डसन यांनी १९९६ साली १५ रुग्ण आणि १५ निरोगी व्यक्तींमध्ये स्नायूत तार सोडून नोंदी घेतल्या. हात झटकन हलविताना निरोगी माणसाचा ट्रान्सव्हर्सस अॅब्डॉमिनिस हा पोटाचा खोल स्नायू हाताच्या हालचालीआधीच सज्ज होतो. रुग्णांत तो उशिरा जागा होतो, असे त्यांना आढळले. त्याच वर्षी हाइड्स आणि सहकाऱ्यांनी दाखविले की पहिल्या कंबरदुखीच्या वेळी रोडावलेला मल्टिफिडस वेदना थांबल्यावरही आपोआप पूर्ववत होत नाही. या ३९ रुग्णांचा पाठपुरावा २००१ साली प्रसिद्ध झाला. खोल स्नायूंचा विशेष व्यायाम केलेल्यांपैकी वर्षभरात ३० टक्क्यांना दुखणे पुन्हा झाले. न केलेल्यांपैकी ८४ टक्क्यांना. फरक डोळ्यांत भरणारा आहे आणि तो बाजूला सारून चालणार नाही. मात्र अभ्यास ३९ व्यक्तींचा होता, हेही विसरून चालणार नाही.

या निरीक्षणांवर पुढे एक संपूर्ण व्यायामपद्धती उभी राहिली. ‘बेंबी आत ओढा’ ही सूचना फिजिओथेरपीच्या दवाखान्यांतून व्यायामशाळांत आणि तेथून दूरदर्शन वाहिन्यांवर गेली. सिद्धांत बरोबर असता तर या पद्धतीने इतर व्यायामांना स्पष्टपणे मागे टाकायला हवे होते. साराजिओटो आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली कॉक्रेन आढाव्यात २९ चाचण्या आणि २४३१ रुग्ण यांचा विचार केला. या पद्धतीने लाभ होतो. परंतु इतर प्रकारच्या व्यायामांनी होणाऱ्या लाभाहून तो विशेष वेगळा नाही, असे त्यातून दिसले. योगासनांबाबतही चित्र असेच आहे. शर्मन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली २२८ व्यक्तींवर केलेल्या अमेरिकन चाचणीत योगवर्गाने स्व-उपचाराच्या पुस्तकाला मागे टाकले. साध्या ताण देण्याच्या व्यायामवर्गाला मात्र तो मागे टाकू शकला नाही. हेडन आणि सहकाऱ्यांच्या २०२१ सालच्या कॉक्रेन आढाव्यात तर २४९ चाचण्या आणि २४ हजारांहून अधिक रुग्ण आहेत. उपचार न घेणे किंवा नेहमीचे उपचार घेणे यांच्या तुलनेत व्यायामाने वेदना १०० गुणांच्या मापावर सरासरी १५ गुणांनी कमी झाली.

व्यायाम उपयोगी आहे. मग तो कशामुळे उपयोगी आहे? स्टायगर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली ‘युरोपियन स्पाइन जर्नल’मध्ये हाच प्रश्न विचारला. व्यायामाने ज्या गोष्टी सुधाराव्यात अशी अपेक्षा असते, म्हणजे ताकद, लवचीकता, दमश्वास, त्या ज्यांच्यात अधिक सुधारल्या त्यांचीच वेदना अधिक कमी झाली का? उपलब्ध चाचण्यांत असा खात्रीलायक संबंध त्यांना सापडला नाही. कोणाची पाठ बळकट झाली पण दुखणे राहिले, कोणाचे दुखणे गेले पण पाठ होती तेवढीच बळकट राहिली. अशा स्थितीत स्नायूंच्या क्रियेच्या टक्केवारीवरून व्यायामाची क्रमवारी लावणे म्हणजे जो मध्यस्थ दुवा सिद्ध झालेला नाही त्यावरच सर्व इमारत उभारणे होय. भीती कमी होणे, हालचालीचा विश्वास परत येणे, झोप सुधारणे, आठवड्यातून दोनदा कोणीतरी आस्थेने विचारपूस करणे, यांपैकी कशाचा किती वाटा आहे हे इलेक्ट्रोड सांगू शकत नाही.

आपल्याकडील संशोधनाचा साचा :

यंत्राने व्यायामाचे परीक्षण करण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधामची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात निर्माण होणारा ऋण दाब त्यांनी मोजला, क्ष-किरणांचाही उपयोग केला. शरीरात काय घडते हा प्रश्न त्यांनी यंत्रासमोर ठेवला, ही शतकापूर्वीची गोष्ट आजही अभिमानास्पद आहे. मात्र शरीरात काय घडते आणि त्याने रुग्णाला काय लाभ होतो, हे दोन प्रश्न तेव्हाही वेगळे होते.

आज शारीरिक शिक्षण आणि भौतिकोपचार या विषयांतील लघुप्रबंधांचा एक ठरलेला साचा आहे. महाविद्यालयातीलच १८ ते २५ वयोगटातील वीस-तीस निरोगी विद्यार्थी, चार व्यायाम, एका दिवसाची नोंद, ०.०५ सार्थकता पातळी आणि शेवटी ‘सबब अमुक व्यायाम कंबरदुखीच्या रुग्णांसाठी उपयुक्त आहे’ ही शिफारस. ज्या अभ्यासात कंबरदुखीचा एकही रुग्ण नाही त्यातून ही शिफारस निघते आणि मौखिक परीक्षेत तिच्यावर प्रश्न विचारला जात नाही. प्रश्न येतो तो सारणीतील दशांशचिन्हावर. एम.फिल. ही पदवी २०२२ च्या नियमावलीने बंद झाली, तिचा हा साचा मात्र पदव्युत्तर प्रकल्पांत सुखाने नांदतो आहे. यात विद्यार्थ्याचा दोष कमी आहे. त्याच्यासमोर असलेले छापील लेखही बहुधा याच वाटेने गेलेले असतात, आणि आठ महिन्यांत प्रबंध पुरा करायचा तर रुग्णांचा पाठपुरावा करणार कधी, ही त्याची अडचणही खरी आहे.

तरीही त्याच वेळेत आणि त्याच साधनांत अधिक उपयुक्त काम होऊ शकते. निरोगी विद्यार्थ्यांवरील अभ्यास करायचाच असेल तर त्याचे शीर्षक आणि शिफारस निरोगी व्यक्तींपुरती ठेवावी. यंत्र नसलेल्या विभागाने खंत करण्याचे कारण नाही. डेन्मार्कमधील बिअरिंग-सोरेन्सन यांनी १९८४ साली नऊशेहून अधिक स्त्री-पुरुषांवर केलेल्या अभ्यासात पाठीच्या दमश्वासाची जी चाचणी वापरली तिला एक बाक, दोन-तीन पट्टे आणि एक घड्याळ पुरते. कमरेपासून वरचे धड आधाराशिवाय आडवे किती सेकंद धरता येते एवढेच पाहायचे, जास्तीत जास्त २४० सेकंद. ज्या पुरुषांचा हा दमश्वास चांगला होता त्यांना पुढील वर्षात पहिल्यांदा कंबरदुखी होण्याचे प्रमाण कमी दिसले. ही साधी चाचणी टक्केवारीच्या कित्येक तक्त्यांपेक्षा अधिक काही सांगून जाते.

आणि ज्या विभागाकडे यंत्र आहे त्याने रुग्णशोधासाठी दूर जाण्याची गरज नाही. आपल्या प्राध्यापक-कक्षातच कंबरदुखीचे चार-सहा जुने अनुभवी सहज मिळतील. त्यांची लेखी संमती घ्यावी. तीन सेकंदांत वाकणे, तीन सेकंद पूर्ण वाकून थांबणे, तीन सेकंदांत उठणे अशी नोंद घ्यावी; आठवड्याने तीच पुन्हा घ्यावी, म्हणजे मापन किती हलते हे कळेल. सोबत रोलंड-मॉरिस यांची २४ प्रश्नांची सूची भरून घ्यावी आणि वेदना शून्य ते दहा या मापावर विचारावी. आठ आठवडे त्यांना झेपेल तो व्यायाम देऊन हे सर्व पुन्हा मोजावे आणि प्रत्येकाचा आलेख सरासरीत न मिसळता स्वतंत्र छापावा. या चाचणीत मायक्रोव्होल्टची तुलना त्या व्यक्तीच्याच वाकतानाच्या नोंदीशी होते, त्यामुळे ज्याची कंबर दुखते आहे त्याला ‘आता सगळी ताकद लावा’ असे सांगण्याची वेळ येत नाही.